धुराड्यातून धूर निघत राहो

लंडनच्या जुन्या भागात पायी हिंडताना घरांच्या दारासमोर फुटपाथमध्ये बसवलेली लोखंडी गोल झाकणं दिसतात. जेमतेम फूटभर रुंद, वर फुलांची नाहीतर ताऱ्यांची नक्षी, आणि कडेने ओतकाम करणाऱ्या कारखान्याचं नाव. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला वाटलं, गटाराची असतील. पण गटारात माणूस उतरावा लागतो, आणि या भोकातून मोठं माणूस काय, दहा वर्षांचं पोरही आत जाणार नाही.

ते मुद्दामच तसं केलेलं. खाली तळघर आणि तळघरात कोळसा. कोळसेवाला पाठीवरून पोतं आणायचा, झाकण काढायचा आणि रस्त्यावरूनच कोळसा आत ओतायचा. म्हणजे त्याच्या काळ्या बुटांचे ठसे घरभर उमटायला नकोत. भोक लहान, कारण चोर शिरायला नको. आकार गोल, कारण गोल झाकण कसंही फिरवलं तरी स्वतःच्याच भोकात पडत नाही. आणि आतून साखळी, म्हणजे बाहेरून कुणी उचलून नेऊ नये. आज त्या तळघरात कुणाची वाइन असते, कुणाची सायकल. झाकणं मात्र तिथेच आहेत, कारण ती काढायचा खर्च करणार कोण?

ब्रिटनमधल्या हरवलेल्या घरगुती वस्तूंच्या याद्या पुष्कळ वाचायला मिळतात. पत्र्याचं टब, कपडे पिळायचा चरक, पलंगाखालचं भांडं, दारातली दुधाची बाटली. वाचताना मजा येते, पण या सगळ्या वस्तू एकाच पिढीत, हातात हात घालून कशा गेल्या ते काही कळत नाही. वस्तू सुट्या जात नसतात. एका खुंटीला दहा गोष्टी टांगलेल्या असतात, आणि खुंटी निखळली की दहाही खाली येतात. ब्रिटिश घरातली ती खुंटी होती भिंतीतली कोळशाची शेगडी. तिला फायरप्लेस म्हटलं की आपल्याला नाताळच्या कार्डावरचं चित्र आठवतं, म्हणून मी शेगडीच म्हणते.

लीड्समध्ये आम्ही भाड्याने राहत होतो त्या आळीत ऐंशी ओलांडलेल्या एक बाई होत्या. त्यांनी मला एकदा शेगडी पेटवण्याचं सगळं तंत्र करून दाखवलं, विस्तव नसताना, नुसत्या हातवाऱ्यांनी. सकाळी घरात सर्वांत आधी उठायचं ते आईने. कालची राख खाली पाडायची, त्यातले अर्धवट जळलेले निखारे वेचून बाजूला ठेवायचे, कारण ते पुन्हा जळतात. वर्तमानपत्राच्या पानांना पीळ देऊन गाठी मारायच्या, त्यावर काटक्या, त्यावर कोळशाचे बारके तुकडे. काडी लावायची. आणि मग खरी गंमत: वर्तमानपत्राचं एक अख्खं पान शेगडीच्या तोंडावर दोन्ही हातांनी ताणून धरायचं. तोंड झाकलं की हवा फक्त खालच्या फटीतून आत ओढली जाते, जोराने वर जाते आणि जाळ फुरफुरायला लागतो. कागद मध्यभागी तांबूस व्हायला लागला की झटकन काढायचा. एक क्षण उशीर झाला तर कागदच पेट घेऊन धुराड्यात जायचा. "भुवया जळलेल्या बायका तेव्हा खूप असत," असं त्या म्हणाल्या आणि स्वतःच्या भुवईवरून बोट फिरवलं.

एवढं करून ऊब किती? तर एका खोलीपुरती. बहुतेक उष्णता धुराड्यातून आकाशात जायची. शेगडीसमोर बसणाऱ्याच्या नडग्या भाजायच्या आणि पाठीला मात्र थंडी वाजायची. उंच पाठीच्या, दोन्ही बाजूंना कान असलेल्या त्या ब्रिटिश खुर्च्या आठवा. ते कान मागून येणारा गार झोत अडवायला.

घर एकाच खोलीत उबदार असतं, हे एकदा लक्षात घेतलं की पुढचं आपोआप उलगडतं. अंघोळ? उबदार खोलीतच. परसातल्या खिळ्याला टांगलेलं पत्र्याचं टब आठवड्यातून एकदा, बहुधा शुक्रवारी, शेगडीसमोर आणायचं, भांड्याभांड्याने तापवलेलं पाणी ओतायचं, आणि त्याच पाण्यात घरातल्यांनी एकामागून एक उतरायचं. ही काही फार गरिबांची किंवा फार जुनी गोष्ट नव्हे. १९५१ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समधल्या ३७ टक्के कुटुंबांकडे कायमचं बसवलेलं न्हाणीटब नव्हतं.

झोपायची खोली? तिथे बर्फ. अक्षरशः. रात्री श्वासातली वाफ खिडकीच्या काचेवर आतून गोठायची आणि सकाळी काचेवर पानाफुलांची नक्षी. म्हणून गरम पाण्याची बाटली अंथरुणात, म्हणून एकावर एक चार ब्लँकेटं आणि वर जाड पलंगपोस, म्हणून पलंगाखाली चिनीमातीचं भांडं. संडास परसाच्या टोकाला, तोही बर्फात. रात्री दोन वाजता तिथे जाणार कोण?

आणि दर्शनी खोली. घरातली सर्वांत चांगली खोली, रस्त्याकडे तोंड असलेली, उत्तम खुर्च्या, चिनीमातीचे कुत्रे, कधी पियानो. आणि सहा दिवस बंद. तिथली शेगडी पेटायची फक्त रविवारी, नाताळात, पाद्री आला तर आणि घरात कुणी गेलं तर. शवपेटी तिथेच ठेवायची, पडदे ओढून. मला आधी हा निव्वळ दिखाऊपणा वाटायचा. आता वाटतं, अर्धा दिखाऊपणा आणि अर्धा हिशेब. दोन शेगड्यांचा कोळसा रोज परवडायचा कुणाला?

त्याच खोलीतल्या खुर्च्यांच्या पाठीवर क्रोशाचे रुमाल. त्यांचं नाव अँटिमॅकॅसर, म्हणजे 'मॅकॅसरविरोधी'. मॅकॅसर हे एकोणिसाव्या शतकातलं पुरुषांचं केसाचं तेल, सुलावेसी बेटावरच्या मकासर बंदरावरून नाव पडलेलं. तेलकट डोकी खुर्चीला टेकून डाग पडू नयेत म्हणून रुमाल. आपल्याकडे आजीने विणलेले असेच रुमाल खुर्चीवर, रेडिओवर, पुढे टीव्हीवरही चढले, आणि टीव्ही काही डोक्याला तेल लावत नाही.

शेगडीपुढे पसरायची एक सतरंजीवजा चटई असायची, तीही घरचीच. जुन्या कोटांच्या, पँटींच्या चिंध्या कापून गोणपाटात आकड्याने ओवायच्या. उत्तर इंग्लंडमध्ये हिवाळ्यात घरोघरी हे काम चाले. नवी चटई नाताळला चांगल्या खोलीत, गेल्या वर्षीची स्वयंपाकघरात, त्याच्या आधीची परसदारी. गोधडीचं जसं होतं तसंच.

आता सोमवार. सोमवार म्हणजे धुणं, आणि ते जवळजवळ धर्मासारखं. कारण रविवारी मोठं जेवण, मांसाचा मोठा तुकडा भाजलेला. सोमवारी उरलेलं गार मांस आणि बटाटे-कोबी एकत्र परतून खायचं, म्हणजे बाईला स्वयंपाकातून सुट्टी आणि दिवसभर कपडे. धुण्याचं पाणी तापवायला विटांच्या ओट्यात तांब्याचा मोठा हंडा बसवलेला असायचा, खाली जाळ. त्याला नुसतं 'कॉपर' म्हणत. आपल्या बंबाचा चुलतभाऊच तो. त्यातून कपडे टबात, दांड्याने घुसळायचे, आणि मग चरकात घालून पिळायचे: दोन लाकडी लाटणी, बाजूला मोठं चाक. गुंड्या तुटायच्या, क्वचित बोटंही चिरडायची.

शेवटच्या पाण्यात निळीची पुडी. ही नीळ उत्तर इंग्लंडमधल्या हल शहरातल्या रेकिट कंपनीची, आणि हीच कंपनी पुढे आपल्याकडच्या घराघरांत रॉबिन ब्लू म्हणून पोचली. निळीने कपडा खरोखर पांढरा होत नाही. जुनं सुती कापड पिवळसर दिसतं, त्यात जराशी निळी छटा मिसळली की डोळ्याला ते पांढरं वाटतं. आजच्या साबणाच्या भुकटीतच अशा चमक आणणाऱ्या द्रव्यांची सोय असते, म्हणून निळीची पुडी गेली.

पण कपडे वाळत घालायचे कुठे? परसात. आणि आकाशातून काय पडत होतं? आळीतल्या शंभर धुराड्यांची काजळी. पांढऱ्या चादरीवर काळे ठिपके. म्हणून सोमवारी वारा कुठून वाहतोय ते आधी बघायचं. म्हणूनच मार्च-एप्रिलमध्ये अख्खं घर धुऊन काढायची 'स्प्रिंग क्लीनिंग'ची रीत: हिवाळाभर बसलेली काजळी पडद्यांवर, भिंतींवर, पुस्तकांवर. इंग्रजीत हा शब्द अजून वापरतात, पण त्यातली काजळी गेली.

काजळीशी लढायची आणखी एक तऱ्हा लँकेशर-यॉर्कशरच्या गिरणगावांत होती. दाराची पायरी रोज घासायची आणि तिच्या कडेला एका मऊ दगडाने पांढरी किंवा पिवळसर रेघ ओढायची. त्या दगडाला 'डाँकी स्टोन' म्हणत. तो विकत घ्यावा लागत नसे. भंगार-चिंध्या गोळा करणारा घोडागाडी घेऊन आरोळी देत यायचा, जुने कपडे न्यायचा आणि बदल्यात हा दगड द्यायचा. आपली बोहारीण जुन्या साड्यांवर स्टीलचं पातेलं देते, तोच हा व्यवहार. पायरी कळकट असली की आळीत चर्चा व्हायची. ॲश्टन-अंडर-लाइन गावातला असे दगड बनवणारा शेवटचा कारखाना १९७९ मध्ये बंद पडला.

मग ही खुंटी निखळली कशी? एका आठवड्याने ती हलवली. ५ डिसेंबर १९५२, शुक्रवार. एरवी जमिनीजवळची हवा तापून वर जाते आणि धूर सोबत घेऊन जाते. त्या दिवशी लंडनवर थंड हवा खाली साचली आणि तिच्यावर उबदार हवेचा थर येऊन बसला, पातेल्यावर झाकण बसावं तसा. वारा नाही. थंडी कडक, म्हणून लाखो घरांत जास्त कोळसा जाळला जातोय, आणि तो कोळसाही हलका. युद्धाचं कर्ज फेडायचं म्हणून चांगला कोळसा परदेशी विकला जात होता आणि घरगुती गिऱ्हाइकाच्या वाट्याला 'नटी स्लॅक' नावाचा भुकटीवजा माल येत होता. धूर, गंधकाचा वायू आणि धुकं एकत्र कोंडलं गेलं, ९ तारखेपर्यंत. बसच्या पुढे कंडक्टर बत्ती घेऊन चालत होता. सॅडलर्स वेल्स नाट्यगृहात धुकं आत शिरलं आणि ऑपेराचा प्रयोग थांबवावा लागला. अर्ल्स कोर्टच्या पशुप्रदर्शनात आणलेली काही गुरं दगावली. माणसं किती गेली? तेव्हाचा सरकारी आकडा सुमारे ४,००० होता. पुढच्या अभ्यासकांनी तो १२,००० पर्यंत नेला.

सरकारने आधी टाळाटाळच केली. शेवटी ह्यू बीव्हर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. हे गृहस्थ गिनेस या बिअर कंपनीचे प्रमुख, आणि विक्रमांची नोंद करणाऱ्या त्या प्रसिद्ध गिनेस पुस्तकाची कल्पनाही त्यांचीच. समितीच्या अहवालावरून १९५६ चा स्वच्छ हवा कायदा आला. नगरपालिकांना धूरबंदीचे विभाग ठरवता येऊ लागले. त्या विभागात साधा कोळसा जाळायचा नाही, आणि शेगडी बदलण्याच्या खर्चाचा मोठा वाटा सरकारी तिजोरीतून. नुसती बंदी घातली असती तर लोकांनी मोडली असती, पैसेही दिले म्हणून जमलं, असं माझं मत.

कोळशाची जागा घ्यायला गॅस होताच, पण तोही कोळशातूनच काढलेला. बंद भट्टीत हवा न लागू देता कोळसा तापवला की वायू निघतो, मागे कोक आणि डांबर उरतं. हा वायू नळाने घरोघरी जायचा. मुंबईतही १८६५ पासून रस्त्यावरचे दिवे अशाच गॅसवर पेटत होते, आणि लालबागला गॅस कंपनी लेन हे नाव अजून आहे. या गॅसमध्ये कार्बन मोनॉक्साइड असायचा, म्हणजे बिघडलेला नळ म्हणजे विषच.

आणि तो गॅस मिळायचा मीटरमध्ये नाणं टाकून. ही वस्तू मला सगळ्यांत मजेची वाटते. जिन्याखालच्या कपाटात एक पेटी, तिला फट, शेजारी पितळी कान. शिलिंग फटीत सरकवायचं, कान पिळायचा, आत खडखडत नाणं पडायचं आणि तेवढ्या किमतीचा गॅस सुरू. संपला की शेगडी फुसफुसून विझायची, जेवण अर्धं शिजलेलं असो नाहीतर आजोबा टबात असोत. म्हणून प्रत्येक घरात कपाटावर एका बरणीत शिलिंगं जमवलेली, आणि त्या बरणीला पोरांनी हात लावायचा नाही. दर तीन महिन्यांनी गॅस कंपनीचा माणूस यायचा, पेटी उघडून नाणी स्वयंपाकघरातल्या टेबलावर ओतायचा, आणि झरझर चळती रचायचा. मीटर मुद्दाम जरा चढ्या दराला लावलेला असे, त्यामुळे हिशेब झाल्यावर काही चळती तो बाईंच्या पुढे सरकवून परत द्यायचा. अनेक घरांत ती बाईची एकुलती बचत. मग तो चहा पिऊन, जड थैली खांद्याला लावून पुढच्या दारी. भाड्याच्या खोल्यांत मात्र मीटरचा दर घरमालक ठरवायचा, आणि तिथे परत काही मिळत नसे.

शिलिंगच १९७१ मध्ये गेलं. तोवर बारा पेन्सचं शिलिंग आणि वीस शिलिंगांचा पौंड, म्हणजे पौंडाचे २४० पेन्स. ज्यांनी रुपये-आणे-पै केलंय त्यांना हे नवल वाटणार नाही. आपला सोळा आण्यांचा रुपया १ एप्रिल १९५७ ला दशमान झाला, त्यांचा पौंड १५ फेब्रुवारी १९७१ ला. नाणी गेली तरी बोलणं राहिलं. आपण अजून 'सोळा आणे खरं' म्हणतो, आणि तिकडची वयस्कर माणसं संडासला जायचं असलं की 'पेनी खर्चून येते' म्हणतात. सार्वजनिक संडासाच्या दाराला पेनी टाकून उघडायचं कुलूप असायचं, त्यावरून.

कोळशाला शेवटचा धक्का समुद्राने दिला. १९६५ मध्ये उत्तर समुद्रात नैसर्गिक वायू सापडला. हा वायू स्वस्त आणि विषारी कार्बन मोनॉक्साइडविना, पण एक अडचण होती. तेवढ्याच आकारमानात त्यात जवळजवळ दुप्पट उष्णता असते आणि जळायला हवाही जास्त लागते. जुन्या बर्नरवर तो नीट जळणार नाही, ज्योत पिवळी होऊन काजळी धरणार. म्हणजे देशातला प्रत्येक बर्नर बदलायला हवा. आणि तो खरोखर बदलला. १९६७ ते १९७७, दहा वर्षं, आळीमागून आळी, कामगार घरोघरी गेले आणि सव्वा कोटीहून जास्त ग्राहकांची साडेतीन-चार कोटी उपकरणं जुळवून आले.

या गॅसवर बॉयलर चालायला लागला आणि प्रत्येक खोलीत गरम पाण्याचा रेडिएटर आला. १९७२ मध्ये ब्रिटनमधल्या ३७ टक्के घरांत अशी सोय होती, आज ती जवळजवळ सगळ्या घरांत आहे. सगळं घर उबदार झालं आणि खुंटीवरच्या वस्तू एकामागून एक गळल्या. दर्शनी खोली आणि मागची खोली यांमधली भिंत लोकांनी पाडूनच टाकली. पोरं आपापल्या खोलीत जाऊन बसली. चार ब्लँकेटांच्या जागी एक हलकी दुलई आली, जी टेरेन्स कॉनरन यांच्या लंडनमधल्या हॅबिटॅट दुकानाने साठच्या दशकात मोठ्या हौसेने विकली. दहा सेकंदांत अंथरूण तयार, अशी तिची जाहिरात. ब्लँकेटं चौकोनी घड्या घालून गादीखाली खोचायची कला शिकलेल्या आयांना ते मुळीच आवडलं नाही.

सगळंच काही शेगडीने नेलं नाही. दुधाची बाटली फ्रिजने नेली. फ्रिज नव्हता तेव्हा दूध रोज हवं, म्हणून पहाटे विजेवरची गाडी आवाज न करता यायची आणि पायरीवर बाटल्या ठेवून जायची. वर ॲल्युमिनियमच्या पातळ कागदाचं झाकण. मुंबईत ज्यांनी आरेच्या बाटल्या पाहिल्यात त्यांना ते झाकण आठवेल. ब्रिटनमध्ये ब्लू टिट नावाच्या चिमणीएवढ्या पक्ष्याने बाटलीचं झाकण फोडून वरची मलई खायची युक्ती शोधली. साउथॅम्प्टनजवळच्या स्वेथलिंगमध्ये १९२१ साली याची पहिली नोंद झाली, आणि पुढे ही चोरी देशभर पसरली. मग दूध सुपरमार्केटात प्लास्टिकच्या कॅनमधून, मलई एकजीव केलेलं किंवा काढलेलं मिळू लागलं. पायरीवर बाटली उरली नाही, तेव्हा पक्ष्यांचाही शेजारधर्म संपला.

इंग्लंडमध्ये घरगुती जळणासाठी साधा कोळसा विकायलाच मे २०२३ पासून पूर्ण बंदी आहे. यात एक रीत मात्र कोंडीत सापडली आहे. स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडमध्ये ३१ डिसेंबरच्या मध्यरात्रीनंतर जो पहिला माणूस उंबरा ओलांडेल तो शुभ असावा, शक्यतो काळ्या केसांचा पुरुष, आणि त्याने हातात कोळशाचा एक तुकडा आणावा, म्हणजे वर्षभर घराला ऊब राहील. काळे केस असल्यामुळे आमच्या आळीतल्या बाईंनी एका वर्षी माझ्या नवऱ्याला बोलावलं होतं. कोळसा त्यांनीच आदल्या दिवशी त्याच्या हातात दिला, तपकिरी कागदात गुंडाळलेला, कुठूनतरी जपून ठेवलेला. तो बाराच्या ठोक्यानंतर दार वाजवून आत गेला, तुकडा ठेवायला शेगडी शोधली, तर तिथे १९७४ साली बसवलेला गॅसचा हीटर. मग रेडिएटरवर ठेवला. दुसऱ्या दिवशी बाईंनी तो परत कागदात गुंडाळला, पुढच्या वर्षासाठी.

स्कॉटलंडमध्ये त्या रात्री एकमेकांना जो आशीर्वाद देतात त्याचा अर्थ 'तुझ्या धुराड्यातून धूर निघत राहो'. घरात चूल पेटती राहो, असंच आपण म्हणू. एडिनबरा शहराचं लाडकं नावही 'म्हातारी धुरकट'. तिथे आजही ग्लास उंचावून हा आशीर्वाद मनापासून दिला जातो, आणि शहराच्या बहुतेक भागात धुराड्यातून धूर सोडणं हा गुन्हा आहे.